‘व्हॉल्व्ह’ राहू द्या, ‘सिस्टीम’ काढा

यंत्रांची आणि त्यांच्या सुट्या भागांची इंग्रजी नावं मराठी मजकुरात बिनदिक्कत ठेवावीत. कार्यालयं, दवाखाने, बँका यांच्या कारभाराची इंग्रजी नावं मात्र एकेक तपासावीत आणि बहुतेक काढून टाकावीत. वापरपुस्तिका, सूचनाफलक, अर्जासोबतची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांना माझा हा सरळ सल्ला आहे. होतं मात्र नेमकं उलटं. व्हॉल्व्हची ‘झडप’ आणि मॉनिटरचा ‘दर्शक’ करण्यात घाम गाळला जातो आणि त्याच पानावर ‘आमची सिस्टीम अपडेट होत असल्याने प्रोसेसमध्ये डिले होऊ शकतो’ हे वाक्य खुशाल छापलं जातं.

उपकरणाचं नाव ही त्याची ओळख असते. तेच यंत्रावरच्या पट्टीवर कोरलेलं असतं, तेच सुट्या भागांच्या यादीत असतं, फिटरच्या तोंडीही तेच असतं. पुस्तिकेत ते बदललं की वाचक आणि वस्तू यांची ताटातूट होते. शिवाय जवळजवळच्या उपकरणांना मराठी नाव देताना त्यांच्यातला फरकच पुसला जातो. व्हेंटिलेटर रुग्णाच्या फुप्फुसात ठरावीक दाबाने किंवा ठरावीक मापाने हवा ढकलतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढतो आणि ऑक्सिजनचं प्रमाण वाढलेला वायू नळीतून देतो. श्वास रुग्णाने स्वतःच घ्यायचा असतो. बायपॅप मास्कमधून दोन दाबांनी हवा देतो, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी. नेब्युलायझर तर फक्त पातळ औषधाचे बारीक तुषार करतो. या चारही यंत्रांना ‘श्वसनयंत्र’ म्हणता येतं आणि सर्रास म्हटलंही जातं. घरी नेमकं कोणतं यंत्र आणायचं हे विचारणाऱ्या नातेवाइकाला त्या शब्दाचा काडीचा उपयोग नाही.

‘झडप’ हा शब्द टाकाऊ आहे असं नाही. हृदयाच्या बाबतीत तो पक्का रुजला आहे, ‘झडप बदलली’ म्हटलं की ऑपरेशन कशाचं झालं हे लगेच कळतं. पाइपवर बसतो तो मात्र व्हॉल्व्हच. एकाच इंग्रजी शब्दाला दोन क्षेत्रांत दोन वाटा मिळाल्या तर काही बिघडत नाही. पंपाच्या पाइपाच्या तळाशी, पाण्यात बसतो तो फूटव्हॉल्व्ह; विहिरीच्या काठावर तर त्याचा चक्क ‘फुटबॉल’ होतो. छापील पत्रकात तसं लिहू नये, पण लिहिणाऱ्याला ते माहीत हवं. नाहीतर ‘फुटबॉल गळतोय’ अशी तक्रार आली की पलीकडचा माणूस गोंधळतो.

नाव ठेवलं, आता त्याला मराठीत बसवा

इंग्रजी नाव ठेवायचं ठरलं की खरं काम सुरू होतं. मराठीत विशेषण आणि क्रियापद नामाच्या लिंगावर चालतात, त्यामुळे लिंग न ठरवता एक वाक्यही लिहिता येत नाही. नवा पंप बसवला, नवी मोटर बसवली, नवं बेअरिंग बसवलं. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ‘केबल तपासली’ आणि नवव्या पानावर ‘केबल जोडला’ असं आलं की वाचकाला दोन वेगळ्या वस्तू वाटू लागतात.

हे लिंग कोणी समिती बसवून ठरवत नाही, तरी त्यात बऱ्यापैकी शिस्त आहे. शेवटी ‘ई’ असेल तर बहुधा स्त्रीलिंग: बॅटरी, ट्रॉली, फॅक्टरी, पॉलिसी. काम करणाऱ्या वस्तूचं ‘-अर’ने संपणारं नाव पुल्लिंगी: कंप्रेसर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर, फिल्टर, सेन्सर, राउटर. ‘मोटर’ इथे अपवाद, ती स्त्रीलिंगीच. ‘-शन’ने संपणारी जवळजवळ सगळी नपुंसकलिंगी: कनेक्शन, स्टेशन, इंजेक्शन, ऑपरेशन. ‘-इंग’वाली बहुतेक नपुंसकलिंगी: बेअरिंग, फिटिंग, रीडिंग, बुकिंग. पण ‘मीटिंग’ स्त्रीलिंगी, कारण तिच्या मागे ‘बैठक’ किंवा ‘सभा’ उभी आहे. तसंच पेमेंट, स्टेटमेंट, ॲग्रीमेंट नपुंसकलिंगी असली तरी ‘अपॉइंटमेंट’ मिळाली असंच आपण म्हणतो, कारण मनात ‘वेळ’ किंवा ‘भेट’ असते.

म्हणजे शब्दाचा शेवट एकीकडे ओढतो आणि मनातला मराठी शब्द दुसरीकडे. या रस्सीखेचीत बहुतेक वेळा मराठी शब्द जिंकतो. ‘लाइट’ हे त्याचं उत्तम उदाहरण. वीज गेली म्हणून ‘लाइट गेली’, आणि दिवे गेले म्हणून काही घरांत ‘लाइट गेले’. पोर्चमधला एकच दिवा उडाला तर ‘लाइट गेला’. आद्याक्षरांचंही तसंच. एसटी स्त्रीलिंगी कारण ती गाडी, जीएसटी पुल्लिंगी कारण तो कर. दोन्हींच्या शेवटी ‘टी’ असूनही. ओटीपी आला, कारण तो क्रमांक. एटीएम बंद पडलं, कारण ते यंत्र. ‘एफआयआर’ची मात्र अजून दोलायमान अवस्था आहे, ‘दाखल झाला’ आणि ‘दाखल झाली’ दोन्ही छापून येतात. अशा वेळी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

लिंगानंतर सामान्यरूप. इथे शब्द मराठीत किती मुरला आहे ते उघडं पडतं. पंप मुरला, म्हणून ‘पंपाला’, ‘पंपावर’. टेबल मुरलं, म्हणून ‘टेबलावर’. बँक इतकी मुरली की ‘बँकमध्ये’ कानाला खटकतं, ‘बँकेत’च हवं. सर्व्हर अजून दारातच उभा आहे: ‘सर्व्हराला’ कोणी म्हणत नाही, ‘सर्व्हरला’च म्हणतात. ‘-त’ हा प्रत्यय व्यंजनावर संपणाऱ्या शब्दाला सामान्यरूपाशिवाय लागत नाही, म्हणून नवे शब्द ‘-मध्ये’चा आधार घेतात: सर्व्हरमध्ये, स्कॅनरमध्ये. शब्द स्वरान्त असला की ही अडचण येत नाही. बॅटरीत, ट्रॉलीत, ओपीडीत, आयसीयूत हे सगळं सहज जातं. लिहिताना दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. ‘पंपचे प्रेशर’ लिहिलं तर मुरलेला शब्द उगाच परका होतो, आणि ‘सेन्सराचा’ लिहिलं तर वाचक दोनदा वाचतो. मोठ्याने वाचून पाहणं हीच यावरची परीक्षा.

सामान्यरूप झालं की ऱ्हस्व-दीर्घही हलतं: तिकीट, पण तिकिटाचा, मशीन, पण मशिनीत. ‘मशीनमध्ये’ लिहिलंत तर सामान्यरूपच नाही, म्हणून दीर्घ तसंच राहतं. प्रत्यय तोडून लिहायचा नाही, मधे आडवी रेघही नको. ‘एटीएम चे’, ‘पंप-ला’ ही रूपं संगणकावर भाषा बदलत टाइप करण्याच्या सवयीतून आली आहेत. नाव देवनागरीत लिहिलं की ती आपोआप नाहीशी होतात.

अनेकवचनाला इंग्रजी ‘स’ किंवा ‘ज’ लावू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. चार सेन्सर बसवले, सहा पंप आले. पुल्लिंगी अकारान्त नाम अनेकवचनात बदलतच नाही, क्रियापद सांगतं. बॅटरीच्या बॅटऱ्या, ट्रॉलीच्या ट्रॉल्या, कनेक्शनची कनेक्शनं. अडचण फक्त प्रत्यय लावताना येते, कारण ‘सेन्सरांना’ अवघड वाटतं. तिथे बोलण्यातलं ‘सगळ्या सेन्सरना’ लिहावं. ‘सेन्सर्सना’ची गरज नाही.

नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी

वस्तूचं नाव घेताना तिच्यासोबत क्रियापद आणि वाक्याचा साचा घुसू देऊ नका. पंपाच्या पत्रकातला हा नमुना पाहा, असा मजकूर ढिगाने सापडतो: ‘मोटर स्टार्ट करण्यापूर्वी पंपचे प्रायमिंग केले गेले असल्याची खात्री केली जावी. फूट व्हॉल्व्ह लीकेज असल्यास प्रायमिंग होल्ड होणार नाही.’ याचं काम इतक्यात भागतं: ‘मोटर चालू करण्याआधी पंप आणि सक्शन पाइप पाण्याने पूर्ण भरून घ्या. भरलेलं पाणी उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय. आधी तो काढून जाळी आणि आतलं रबर तपासा. पंप कोरडा चालवला तर सील जळतं.’ मोटर, पंप, सक्शन पाइप, फूटव्हॉल्व्ह, सील ही पाचही नावं राहिली, कारण त्या वस्तू आहेत. स्टार्ट, प्रायमिंग, लीकेज, होल्ड गेले, कारण त्या क्रिया आहेत आणि चालू करणं, भरणं, गळणं, टिकणं यांना मराठीत काही कमी नाही.

बटणावर छापलेला शब्द मात्र वेगळा धरावा. पॅनलवर ‘रीसेट’ लिहिलं असेल तर ‘रीसेट लिहिलेलं बटण दाबा’ असंच लिहा. तिथे ‘पूर्वस्थितीत आणा’ लिहिणारा माणूस पॅनलसमोर कधी उभा राहिलेला नसतो.

क्रियापदाच्या बाबतीत एक जागा खरोखर धोक्याची आहे आणि तिथे मी वरचा नियम मोडायला सांगेन. ‘बंद’ आणि ‘उघडा’. व्हॉल्व्ह बंद केला की पाणी थांबतं. विजेचं सर्किट इंग्रजी अर्थाने ‘क्लोज’ झालं की प्रवाह सुरू होतो, आणि ब्रेकर ‘ओपन’ केला की प्रवाह तुटतो. आता ‘ब्रेकर क्लोज आहे’ याचं कोणी ‘ब्रेकर बंद आहे’ असं भाषांतर केलं, तर मराठी वाचक वीज बंद समजून तारेला हात घालेल. व्हॉल्व्हचा ‘बंद’ आणि ब्रेकरचा ‘क्लोज’ यांचा परिणाम एकमेकांच्या बरोबर उलटा आहे. म्हणून विजेच्या कामात ‘ब्रेकर ओपन’, ‘ब्रेकर क्लोज’ तसंच ठेवावं, किंवा त्याहून बरं म्हणजे ‘प्रवाह तोडला’, ‘प्रवाह जोडला’ असं परिणामावर बोट ठेवून लिहावं. ‘बंद’ हा शब्द ब्रेकरच्या शेजारी येऊच देऊ नये. रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, ‘एनओ’ आणि ‘एनसी’ संपर्कांनाही हेच लागू. रिलेच्या कॉइलला वीज नसताना तुटलेला असतो तो एनओ, जोडलेला असतो तो एनसी; त्यांना ‘सामान्यतः उघडा’ आणि ‘सामान्यतः बंद’ म्हणणं म्हणजे आगीशी खेळ.

नामांची आगगाडीही टाळायला हवी. ‘फायर अलार्म कंट्रोल पॅनल मेंटेनन्स शेड्यूल’ हे सहा नामांचं ओझं इंग्रजी पेलते, मराठीत कोण कोणाचं हे प्रत्ययाशिवाय कळत नाही. ‘फायर अलार्मच्या पॅनलच्या देखभालीचं वेळापत्रक’ म्हटलं की नातं दिसतं. सलग दोन इंग्रजी नामं झाली की ‘चा-ची-चं’ आलाच पाहिजे, अशी मर्यादा घालून घ्यावी.

सिस्टीम नावाचं गाठोडं

आता कारभाराकडे. ‘सिस्टीम’ हा शब्द मराठीला जवळपास लागतच नाही, कारण त्याच्या पोटातल्या प्रत्येक अर्थाला इथे स्वतंत्र शब्द आहे. माणसं आणि साधनं मिळून काम करतात ती यंत्रणा: अग्निशमन यंत्रणा, निवडणूक यंत्रणा. नियमांनी बांधलेली किंवा संगणकावर चालणारी ती प्रणाली. करण्याची रीत ती पद्धत. समाजाची किंवा कारभाराची मांडणी ती व्यवस्था. शरीरातली पचनसंस्था, श्वसनसंस्था. आकाशातली सूर्यमाला. ‘सिस्टीम’ लिहिलं की हे सगळे भेद एका गाठोड्यात जातात आणि लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं हे शोधण्याचं काम वाचकावर येतं.

खिडकीवर ऐकू येणारं ‘सर्व्हर डाउन आहे’ त्याच जातीचं. इथे ‘सर्व्हर’ हे यंत्राचं नाव राहिलेलं नसतं, सगळ्या बिघाडांचं एकत्रित नाव झालेलं असतं. संकेतस्थळ उघडत नाही, ओटीपी येत नाही, अंगठ्याचा ठसा जुळत नाही, कार्यालयातलं इंटरनेट बंद आहे, पैसे कापले गेले पण पावती निघत नाही, सगळ्याला ‘सर्व्हर’. सूचना लिहिणाऱ्याने हे पाच प्रसंग सुटे करायलाच हवेत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ओटीपी येत नसेल तर नोंदवलेला मोबाइल क्रमांक तपासायचा. ठसा जुळत नसेल तर बोट पुसून पाहायचं, दुसरं बोट लावायचं, नाहीतर ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग मागायचा. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरण्याआधी व्यवहार क्रमांक लिहून घ्यायचा. ‘सिस्टीम एरर आल्यास संपर्क साधा’ या वाक्यात यातलं एकही नाही.

जुना रुजलेला शब्द असताना नवा इंग्रजी आणणं तर निव्वळ आळस. जिल्हा, तालुका, जामीन, फिर्याद फारसी-अरबीतून आले. लिलाव आणि पगार पोर्तुगीजांकडून. आज ते पूर्ण मराठी आहेत. ‘बेल मिळाली’, ‘ऑक्शन झालं’, ‘सॅलरी जमा’ लिहून काय मिळवलं? घडवलेल्या शब्दांपैकीही निविदा, अर्थसंकल्प, लेखापरीक्षण, महापौर व्यवस्थित चालतात, ते वापरावेत. ‘भ्रमणध्वनी’ मात्र अर्जातल्या रकान्यापलीकडे गेला नाही. तो रकान्यातच राहू द्यावा आणि मजकुरात ‘मोबाइल’ लिहावं.

काही संक्षेप ठेवावे लागतात, कारण वाचकाला तोच शब्द खिडकीवर उच्चारायचा असतो: ओटीपी, केवायसी, यूपीआय. दवाखान्यात फलकावर ‘बाह्यरुग्ण विभाग’ आणि लोकांच्या तोंडी ‘ओपीडी’ अशी जोडी असते. पहिल्या उल्लेखात ‘बाह्यरुग्ण विभाग, म्हणजेच ओपीडी’ असं दोन्ही द्यावं आणि पुढे एकच चालवावा. फलकावर एक, पावतीवर दुसरा आणि सूचनेत तिसरा शब्द असला की माणूस चुकीच्या रांगेत उभा राहतो.

पोलिस ठाण्याच्या बाबतीत तर इंग्रजी संक्षेपच जास्त नेमका ठरतो. ‘तक्रार दिली’ या मराठी वाक्यातून काय घडलं ते कळत नाही. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवला जातो आणि पोलिस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली येतं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४ होतं. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. गुन्हा अदखलपात्र असेल तर फक्त नोंद होते, तिला सगळे ‘एनसी’ म्हणतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. (रिलेवाली एनसी वेगळी. एकाच पुस्तिकेत दोन्ही येण्याची वेळ कोणावर न येवो.) माहितीपत्रकात ‘तक्रार नोंदवा’ एवढंच लिहिलं तर लोक एनसीची पावती घेऊन एफआयआर झाल्याच्या समजुतीत घरी जातात. इथे दखलपात्र, अदखलपात्र, एफआयआर, एनसी हे चारही शब्द द्यावेत आणि प्रत्येकाचा परिणाम एका वाक्यात सांगावा.

लिहायचं कसं आणि शोधायचं कसं

मराठीची लेखनाची स्वतःची रीत आहे, हिंदीची उचलू नये. ओठ-दातांनी उच्चारायचा तो ‘व्ह’: व्हॉल्व्ह, व्होल्टेज, सर्व्हर. दोन्ही ओठांचा गोल करून उच्चारायचा तो ‘व’: वायर, वॅट, वेल्डिंग. हिंदी मजकुरावरून केलेल्या पुस्तिका ‘वोल्टेज’, ‘सर्वर’ आणि ‘बैटरी’वरून लगेच ओळखू येतात.

फायलीत शोधताना येणारी अडचण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ॲ आणि ऑ हे स्वर शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आले. संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने २००८ च्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक दिला. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन संकेत जोडून टाइप केलेला आहे, आणि काही कळफलक अजूनही तसंच करतात. तिसरा ‘ऍ’, त्याचा क्रमांक ०९०D. ‘ॲप’, ‘अॅप’ आणि ‘ऍप’ वाचकाला एकच शब्द वाटतात. संगणकाला ते तीन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपं एक करण्याची सोय, पहिल्या दोघांना एक करत नाही. ‘बँक’ चंद्रबिंदू देऊनही लिहिता येते आणि चंद्रावर वेगळा अनुस्वार देऊनही. ‘बॅटऱ्या’तला अर्धा र कधी ‘ऱ’पासून बनलेला असतो, कधी साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन.

म्हणून शब्दयादी करतानाच रूप गोठवावं. प्रत्येक उपकरणामागे एक ओळ: नाव, लिंग, अनेकवचन, ‘-ला’ लावलेलं रूप, आणि वापरायचे नाहीत ते पर्याय. व्हॉल्व्ह, पुल्लिंगी, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला, ‘वाल्व’ नको. केबल, स्त्रीलिंगी, केबली, केबलला, ‘केबल्स’ नको. मजकूर पूर्ण झाला की ‘नको’च्या रकान्यातला प्रत्येक शब्द शोधून पाहायचा. ‘ॲ’ची तिन्ही रूपं वेगवेगळी शोधावी लागतात, आणि ती टाइप करण्यापेक्षा यादीतून उचलून शोधचौकटीत चिकटवणं सोपं, कारण तुमचा कळफलक त्यातलं एकच रूप देतो.